हळकुंडाचं गाव आणि चांदीची किसणी

वर्ध्याहून एस.टी.नं हिंगणघाटकडे निघालं की वाटेत एक वायगाव लागतं. ते वायगाव (निपाणी). हळदीचं वायगाव ते नव्हे. त्यासाठी समुद्रपूर तालुका गाठावा लागतो. गावाच्या नावातच पीक आहे : वायगाव (हळद्या).

आपला जिल्हा कापसाचा, तुरीचा, सोयाबीनचा. त्यात या गावानं हळद टिकवून धरली. २०१६ साली 'वायगाव हळदी'ला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे भलत्याच ठिकाणच्या हळदीवर हे नाव लावून ती विकता येत नाही. हळदीला रंग आणि गुण देणारा कर्क्युमिन हा घटक या हळदीत सुमारे ६ टक्के, म्हणजे साध्या हळदीपेक्षा जास्त असतो.

पावसाळ्याच्या तोंडावर लागवड आणि आठ-नऊ महिन्यांनी काढणी. मग हळद कढईत उकळायची, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची आणि घासून वरची साल काढायची. तेव्हा कुठं हळकुंड तयार होतं. ओली हळद किसणीवर सहज उतरते, पण वाळलेलं हळकुंड दगडासारखं टणक. ते सहाणेवर पाणी घालून उगाळावं, नाहीतर खलबत्त्यात फोडून मग दळावं.

मसाला अख्खा घ्यायचा आणि लागेल तेवढाच बारीक करायचा, ही रीत काही गरिबाघरचीच नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमधले श्रीमंत लोक खिशात चांदीची छोटी डबी बाळगत. आत एक जायफळ आणि ते किसायला किसणी. पेयावर ताजं जायफळ किसून घालत, कारण पूड करून ठेवली की वास उडतो. आज त्या डब्या जुन्या वस्तूंचे शौकीन मोठ्या किमतीला घेतात. गंमत अशी, की चांदी मऊ. त्यामुळं बहुतेक डब्यांत किसायचं काम आतला लोखंडी पत्राच करी. मिरवायला चांदी, राबायला लोखंड!

आपली सहाण मिरवत नाही, पण काम तेच करते. शिवाय आणखी एका गोष्टीसाठी ती हवी. सुट्या हळद पुडीत रंग चढावा म्हणून कुठं कुठं लेड क्रोमेट मिसळतात. त्यातलं शिसं लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करतं. बांगलादेशात २०१९ साली हा प्रकार अभ्यासातून उघड झाला. सरकारनं छापे घातले, दंड केले, लोकांना सावध केलं आणि २०२१ पर्यंत तिथल्या बाजारात तपासलेल्या नमुन्यांत शिसं सापडेनासं झालं. मनावर घेतलं तर भेसळ थांबते.

म्हणून भगिनींनो, जमेल तेव्हा हळकुंड घ्या. फार झगझगीत पिवळं असेल तर तेही नको, कारण हा रंग हळकुंडालाही चोळतात. घरी फोडा आणि चक्कीवर डोळ्यांदेखत दळून आणा. पुडी घ्यावीच लागली तर चमचाभर हळद पेलाभर पाण्यात टाकून पाहा. चांगली हळद खाली बसताना पाणी फिकट पिवळं होतं. गडद पिवळं झालं तर संशय घ्या.

आणि बंधूंनो, हळकुंड फोडायला जोर लागतो. खलबत्ता एकट्या बाईच्या माथी मारू नका. मुलं आपल्या दोघांची आहेत.