इटलीच्या खेड्यात आठवडाभर भाड्याचे घर

इटलीला जाऊन आलो असे सांगितले की लोक विचारतात, रोम पाहिले का, व्हेनिसला होडीत बसलात का, पिसाचा कललेला मनोरा खरेच तेवढा कललेला आहे का? यांतले आम्ही काहीच पाहिले नाही. आम्ही सात माणसांनी तोस्काना प्रांतात, सिएना शहराच्या दक्षिणेला, टेकडीवरचे एक जुने शेतघर आठवड्यासाठी भाड्याने घेतले. तिथेच स्वयंपाक केला आणि रोज सकाळी जवळची एकदोन गावे पाहून दिवेलागणीला घरी परतलो. आपल्यासारख्या नोकरदार कुटुंबांना हा प्रकार कसा परवडतो ते सांगायचे आहेच. पण त्या घराची हकिगत मला मनोऱ्यापेक्षा मोलाची वाटली, म्हणून मुद्दाम लिहायला बसलो.

निमित्त होते भाच्याचे. तो शिकायला तुरीनला गेला आणि तिथेच नोकरीला लागला. एस. टी. वर्कशॉपमधून निवृत्त झालेले दाजी आणि ताई २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्याकडे निघाले, तेव्हा तो म्हणाला, "मामा, तुम्हीपण या. विमानाचे तेवढे तुमचे, बाकीचे आपण वाटून घेऊ." कार्यालयाची परवानगी, शेंगेन व्हिसा, त्याला लागणारा किमान ३०,००० युरोचा प्रवास-आरोग्य विमा हे सगळे करता करता तीन महिने गेले. त्याबद्दल एवढेच सांगतो की कागद लवकर गोळा करायला लागा.

आता हिशोब. सात माणसांना हॉटेलच्या चार खोल्या, सात रात्री, हा आकडा तीन हजार युरोच्या वर जात होता. घराचे भाडे झाले अकराशे. युरो तेव्हा ८८ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे माणशी सुमारे चौदा हजार रुपये, आणि हाताशी स्वयंपाकघर. जुलै-ऑगस्टमध्ये याच घराचे भाडे दुपटीच्या पुढे जाते. घरे बहुधा शनिवार ते शनिवार देतात. भाड्याखेरीज सफाईचे पैसे, परत मिळणारी अनामत, नगरपालिकेचा दर माणशी दर रात्रीचा कर आणि थंडीत खोल्या तापवण्याचा मीटरप्रमाणे खर्च, हे आधी विचारून घ्यावे. जाहिरातीतला आकडा आणि शेवटचा आकडा यांत फरक पडतो तो इथेच.

चावी देताना मालकीणबाईंनी सगळ्यांचे पासपोर्ट मागितले. तिथल्या कायद्याप्रमाणे घरात उतरलेल्या माणसांची नावे चोवीस तासांत पोलिसांना कळवावी लागतात. नावे उतरवून घेतली आणि पासपोर्ट परत दिले. आमची आडनावे त्यांनी अक्षर अक्षर लावून लिहिली, पण त्यावरून पुढचा प्रश्न आला नाही. मुंबईत, पुण्यात भाड्याची खोली शोधलेल्या वाचकांना मी काय म्हणतो ते समजेल.

घर दगडविटांचे, दुमजली. बाहेरच्या अंगाने दगडी जिना, तो थेट वरच्या स्वयंपाकघरात जातो. तिथे चार माणसे आत बसतील एवढी चूल. खाली कमानीच्या दोन मोठ्या खोल्या, त्यातली एक ताई-दाजींना दिली. दुसऱ्या दिवशी टॉवेल द्यायला एक पंचाहत्तरीच्या बाई आल्या. साफसफाई त्याच बघत. दाजींच्या खोलीकडे बोट दाखवून त्या हसून काहीतरी म्हणाल्या. भाच्याने भाषांतर केले, "इथे बैल असायचे." दाजी म्हणाले, "तरीच रात्री बरी ऊब होती!" गंमत म्हणजे ते बोलणे खरे होते. खाली गोठा, वर माणसे आणि जनावरांची ऊब वर चढायची, अशीच ही घरे बांधलेली. बाईंना हे माहीत होते, कारण त्यांचे लहानपण याच घरात गेले होते. १९६२ साली, त्या तेरा वर्षांच्या असताना, त्यांचे कुटुंब घर सोडून पोज्जीबोन्सी गावी गेले आणि वडील फर्निचरच्या कारखान्यात लागले. पुढे लग्नामुळे त्या परत या बाजूला आल्या. घर त्यांचे कधीच नव्हते. वडिलांच्या वेळीही नाही.

तोस्कानात शेकडो वर्षे चाललेल्या या पद्धतीला 'मेझाद्रिया' म्हणतात. 'मेझ्झो' म्हणजे निम्मे. आपल्याकडची अर्धेली किंवा बटई समजा. जमीन आणि घर मालकाचे, राबणे कुळाच्या सबंध कुटुंबाचे आणि पीक निम्मेनिम्म. करार एकट्या माणसाशी नसायचा, कुटुंबाशी असायचा. त्यामुळे घरात किती हात आहेत यावर मालकाचा डोळा असे, आणि मुलामुलींची लग्ने ठरवतानाही त्याची परवानगी लागे. निम्म्या पिकाशिवाय नाताळला खच्ची केलेले कोंबडे, ईस्टरला अंडी, हे वाड्यावर पोचवायचे ते वेगळेच. मालक बहुधा शहरात. गावात त्याचा कारभारी, 'फात्तोरे'. बाईंना मालकाचा चेहरा आठवत नव्हता. कारभाऱ्याच्या घोडागाडीचा आवाज मात्र आठवत होता.

जवळच बुओनकॉन्व्हेंतो नावाचे तटबंदीचे छोटे गाव आहे. सिएनाहून सत्तावीस किलोमीटरवर, रेल्वेचे स्थानक असलेले. तिथे याच पद्धतीवर एक संग्रहालय आहे. भाच्याला ते यादीत नको होते. 'नांगर-विळे काय बघायचे' असे त्याचे म्हणणे. मी हट्टाने सगळ्यांना नेले आणि अडकलो तो हिशोबाच्या वहीपाशी. आम्ही बी. कॉम. झालेली माणसे, वही दिसली की पाय थांबतात. या वहीला 'लिब्रेत्तो कोलोनिको' म्हणजे कुळाची वही म्हणत. तिच्या दोन प्रती असत, एक कारभाऱ्याकडे, एक कुटुंबाकडे. एका बाजूला नावे, एका बाजूला जमा. बियाण्याचा निम्मा खर्च, औषधाचा निम्मा खर्च, बैल विकला तर नफ्यातोट्याचा निम्मा वाटा, अडीअडचणीला उचललेले धान्य. वर्षअखेर कुळाच्या नावे बाकी निघाली की ती पुढच्या सालात ओढायची. दोन प्रती, दोन रकाने, बेरजा जुळतात, वरवर पाहता किती चोख व्यवहार! पण लिहिणारा एकच, तो मालकाचा पगारी. आणि ज्याच्या नावे बाकी आहे त्याला पुष्कळदा अक्षरओळख नाही. आमच्या कामात अशा खात्याला कोणी हिशोबतपासनीस मान्यता देणार नाही. मालकाला मात्र कुळाला घराबाहेर काढायला ती बाकी उपयोगी पडे.

ही माणसे गप्प बसली असे समजू नका. १९०२ मध्येच या भागात कुळांचे संप झाले. १९१९-२० च्या लढ्यात काही सवलती पदरात पडल्या. फॅसिस्ट आले आणि त्या काढून घेतल्या. युद्ध संपल्यावर पुन्हा संघटना उभ्या राहिल्या, आणि १९४७-४८ मध्ये कुळाचा वाटा ५० चा ५३ टक्के झाला. तीन टक्क्यांसाठी किती माणसांना किती झगडावे लागले! १५ सप्टेंबर १९६४ च्या कायद्याने वाटा ५८ टक्के केला आणि नवे करार करायला बंदी घातली. उरलेसुरले करार १९८२ च्या कायद्याने साध्या खंडात बदलता येऊ लागले. आपल्याकडे डॉ. बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात १७ सप्टेंबर १९३७ रोजीच मांडले होते, हे सहज आठवले.

पण इटलीत कायदा आला तेव्हा घरे आधीच रिकामी व्हायला लागली होती. १९५० नंतर तरुण कारखान्यांकडे गेले, मागून म्हातारेही गेले. छपरे बसली, गोठ्यात झाडे उगवली. मग शहरातले श्रीमंत आणि परदेशी लोक ही घरे विकत घेऊ लागले. १९८५ मध्ये शेतावर पाहुणे ठेवण्याच्या धंद्याला कायद्याने रीतसर रूप मिळाले. गोठ्यात न्हाणीघरे झाली. आमच्या घरापुढे पोहण्याचा छोटा तलाव आहे. बाई म्हणाल्या, तिथे खळे होते.

खाण्याचे सांगतो. इथल्या पावात मीठ नसते. पहिल्या दिवशी आम्हाला वाटले, भट्टीवाला विसरला. शिळा पाव फेकत नाहीत. भाज्या आणि घेवड्याबरोबर तो पुन्हा शिजवून 'रिबोल्लीता' करतात. उन्हाळ्यात पाण्यात भिजवून, पिळून, कांदा-टोमॅटो घालून 'पांझानेल्ला' करतात. आपल्या फोडणीच्या भाकरीची भावंडे. आज हेच पदार्थ हॉटेलात चांगल्या किमतीला मिळतात. आम्ही मुंबईहून तांदूळ, तूरडाळ, ज्वारीचे पीठ आणि काळा मसाला नेला होता. तूप, पेढे नेऊ नका. युरोपात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. दुकाने दुपारी तीनचार तास बंद असतात, तेव्हा बाजार सकाळीच उरकावा.

सिएनाला एक दिवस दिला. जुन्या शहरात बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे. कॅमेरे लावलेले असतात आणि दंडाची चिठ्ठी घरपोच येते. गाडी खाली लावून सरकत्या जिन्यांनी वर जाता येते. शिंपल्यासारखा उतरता चौक, काळ्यापांढऱ्या संगमरवराचे चर्च, सगळे फोटोतल्यासारखे. तिथल्या नगरसभेच्या इमारतीत आम्ब्रोज्यो लोरेंझेत्ती या चित्रकाराने १३३८-३९ मध्ये भिंतींवर चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराची चित्रे काढली आहेत. चांगल्या राज्यात शेतकरी नांगरतो, मळणी करतो, डुकरू घेऊन शहराकडे येतो. आणि या सगळ्यावर सुरक्षिततेची देवता उडते आहे, तिच्या हातात फाशीचा खांब. राबणाऱ्याची सुरक्षितता की मालकाची, असे माझ्या मुलीने विचारले. दाजी म्हणाले, "फास ज्याच्या हातात, त्याची."

पिएन्झा हे गाव पोप दुसरे पायस यांनी १४५९ पासून, आपल्या जन्मगावाचा कायापालट करून वसवले. तासाभरात पाहून होते. तिथले मेंढीच्या दुधाचे चीज प्रसिद्ध आहे. कुळांनी सोडलेल्या या भागातल्या जमिनींवर १९६० च्या आसपास सार्डिनिया बेटावरचे मेंढपाळ कुटुंबे, कळप घेऊन आले. एक गरीब गेला तिथे दुसरा गरीब आला. बान्यो विन्योनीला गावाच्या मधोमध चौकाऐवजी गरम पाण्याचे कुंड आहे. त्यात उतरता येत नाही, पण पुढे उतारावर ओढ्यासारखे वाहणाऱ्या पाण्यात पाय सोडून बसता येते, फुकट. ताईचे गुडघे त्या दिवशी पहिल्यांदा गप्प बसले. निसर्ग फोटोतला हिरवागार मात्र समजू नका. तो वसंतातला. ऑक्टोबरमध्ये सगळीकडे नांगरलेली ढेकळे असतात. आम्हाला तीच बघायला बरी वाटली.

घराखालच्या मळ्यात द्राक्षतोडणी संपत आली होती. तोडणाऱ्यांत दोघे हिंदी बोलताना ऐकले. होशियारपूरकडचे निघाले. कंत्राटदाराच्या गाडीने पहाटे येतात, सहाजण एका खोलीत राहतात. आमचे घर आठवड्याचे अकराशे युरो हे ऐकून एकजण म्हणाला, "हमारा तो महीने का भी इतना नहीं बनता कभी कभी." आपण ज्याला मुकादम म्हणतो त्याला तिथे 'कापोराले' म्हणतात. अशी पिळवणूक करणाऱ्यांविरुद्ध इटलीने २०१६ मध्ये कडक कायदा केला. तरी जून २०२४ मध्ये रोमच्या दक्षिणेला, लातीना भागात, शेतयंत्रात हात तुटलेल्या एका पंजाबी मजुराला दवाखान्यात न नेता त्याच्या घराबाहेर टाकून दिले आणि दोन दिवसांनी तो मेला. त्याच्याकडे कामाचा कागद नव्हता. मजुरांनी मोर्चे काढले, देशभर गाजावाजा झाला. बातमी वाचली तेव्हा त्या दोघांचे चेहरे समोर आले. त्यांच्या नावे जमाखर्चाची कसली वही कोणी ठेवली असेल का, कोण जाणे.

शनिवारी दहाला घर मोकळे करायचे असते. कचरा चार पिशव्यांत वेगळा करून ठेवावा लागतो. कागद, काच, प्लास्टिक, उष्टे. आमची अनामत पूर्ण परत मिळाली. ताईने उरलेली तूरडाळ आणि मसाल्याची बाटली त्या बाईंना दिली. चव त्यांनी घेतलीच होती. डाळ किती वेळ शिजवायची, फोडणी कशी द्यायची, हे ताई मराठीत सांगत होती आणि भाचा इटालियनमध्ये लिहून देत होता. हिंगाला काय म्हणायचे यावर गाडी अडली, म्हणून डबीच देऊन टाकली.