पाणी आलंय, उठा

सोलापुरात राहणाऱ्यांचं वेळापत्रक नळ ठरवतो. आमच्या भागात पाणी काही दिवसांआड येतं आणि ते पहाटे येईल की रात्री दोनला, हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. आलं की जमिनीखालचा हौद भरून घ्यायचा, मग मोटार लावून गच्चीवरची टाकी. हे जागरण घरोघरी बायकांच्याच वाट्याला येतं. आमच्या घरात वर्षानुवर्षं ते सासूबाईंनी केलं. नळ थोडा उघडा ठेवून त्याखाली स्टीलचं पातेलं पालथं घालायचं, म्हणजे धार पडली की आवाजानं जाग येते, ही त्यांची पद्धत. पाणी कधी आलं आणि किती वेळ टिकलं, हे त्या कालनिर्णयच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहून ठेवायच्या.

मी ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. सुट्टीच्या दिवशी सोल्डरिंग करायला बसणं हा माझा जुना छंद. पण त्या छंदाचा आणि पाण्याचा संबंध जोडला गेला तो एका स्मार्ट प्लगमुळे.

गीझरसाठी घेतलेला हा प्लग फोनवरून चालू-बंद व्हायचा. काही काळानं तो विकणाऱ्या कंपनीनं आपली सेवा बंद केली आणि ॲपमध्ये लॉगिन होईना. प्लगमधला रिले चांगला, वायफाय चांगलं, बटण दाबलं की गीझर चालू होत होता. माझ्या हॉलमधून माझ्याच न्हाणीघरात जाणारा हुकूम दूरच्या कुठल्यातरी सर्व्हरला विचारून जात होता, आणि आता तिथे उत्तर द्यायला कुणी नव्हतं. चालू स्थितीतली वस्तू अशी कचऱ्यात जावी, याचा मला मनापासून राग आला. स्क्रू काढून आत पाहिलं तर ओळखीची चिप होती : ईएसपी८२६६. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ही चिप २०१४ च्या सुमारास बाजारात आली आणि छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्या जगभरच्या लोकांनी ती उचलून धरली, कारण शे-दोनशे रुपयांत वायफायसकट अख्खा छोटा संगणक हाती येतो.

या चिपसाठी टास्मोटा नावाचं सॉफ्टवेअर आहे. नेदरलँड्सच्या थिओ अरेंड्स यांनी ते सुरू केलं आणि पुढे असंख्य लोकांनी त्यात भर घातली. त्याचा कोड सगळ्यांसमोर खुला आहे. वाचा, बदला, वापरा, पुढे द्या. मी प्लगच्या सर्किटवर चार बारीक तारा जोडल्या, यूएसबीचा सीरियल ॲडॉप्टर लावला आणि जीपीआयओ-० ही पिन ग्राउंडला टेकवून ३.३ व्होल्ट दिले. अशा वेळी चिप नवा प्रोग्राम घ्यायच्या तयारीत जागी होते. इथे एक गोष्ट ठासून सांगते. हे सगळं प्लग भिंतीतल्या सॉकेटपासून पूर्ण सुटा असतानाच करायचं. आतल्या सर्किटचा घरच्या २३० व्होल्टशी थेट संबंध असतो आणि उघडा प्लग सॉकेटमध्ये घालून संगणकाला जोडला, तर संगणक जाईल किंवा माणूस जाईल.

प्लग पुन्हा चालू झाला, आणि आता तो वीजही मोजून दाखवू लागला. मग घरातली एकेक वस्तू त्याला लावून पाहिली. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स ‘बंद’ असतानाही १० वॅट खात होता. म्हणजे महिन्याला ७ युनिटं, काहीही न पाहता. फ्रीजचा कॉम्प्रेसर किती वेळ चालतो आणि किती वेळ थांबतो, याचा आलेख वर्गात दाखवला तेव्हा मुलांनी इतके प्रश्न विचारले की तास पुरला नाही.

त्यानंतर एक जुना लॅपटॉप कामाला लावला. त्याच्या मूळ प्रणालीची नवी आवृत्ती त्या प्रोसेसरवर चालत नव्हती. त्यावर डेबियन ही खुली संगणकप्रणाली टाकली. डेबियन १९९३ पासून स्वयंसेवक सांभाळत आले आहेत आणि जुन्या यंत्रांना त्यात मानाची जागा आहे. घरच्या सर्व्हरसाठी लॅपटॉप मला फार सोयीचा वाटतो, कारण वीज गेली तरी तो स्वतःच्या बॅटरीवर चालत राहतो. बॅटरी सतत चार्जिंगला राहून फुगू नये म्हणून त्याचा चार्जर त्याच वाचवलेल्या प्लगला जोडला. चार्जिंग ४० टक्क्यांवर आलं की प्लग चालू, ८० ला बंद. लॅपटॉप आपल्या प्लगला स्वतःच हुकूम देतो. गीझर पुन्हा हातानं लावायला लागलो, त्यानं काही अडलं नाही.

हुकूम देणारं सॉफ्टवेअर म्हणजे होम असिस्टंट. पाउलुस स्काउटसेन यांनी २०१३ मध्ये पायथन भाषेत ते लिहायला घेतलं. निरनिराळ्या वस्तू आणि सेन्सर यांचे निरोप ते एका जागी गोळा करतं आणि आपण घातलेल्या नियमांप्रमाणे पुढचं काम करतं. निरोपांची ने-आण एमक्यूटीटी या पद्धतीनं होते. ही पद्धत १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर लक्ष ठेवण्यासाठी तयार झाली होती. दूरवरच्या ओसाड जागी उपग्रहाची महागडी, कमकुवत जोडणी, म्हणून निरोप शक्य तितका लहान. ते वाचलं आणि माझ्या मनात आमचा नळ आला. आमच्याकडेही पाइपच होता, आणि त्यात काय चाललंय हेच कळायला हवं होतं.

नळाच्या अर्ध्या इंची पाइपमध्ये मी प्रवाह मोजणारा सेन्सर बसवला. आत छोटं चक्र असतं. पाणी वाहिलं की ते फिरतं आणि त्यावरच्या चुंबकामुळे दर लिटरमागे सुमारे ४५० स्पंद मिळतात. पहिल्याच पाळीला मध्यरात्री इशारा वाजला, आम्ही उठलो, आणि नळातून नुसता फुसफुस आवाज येत होता. रिकाम्या पाइपमध्ये पाणी पुढे सरकताना आधी आतली हवा बाहेर ढकलली जाते आणि त्या हवेनंही चक्र फिरतं. हा खोटा इशारा गाळून टाकायचा, असं ठरवून मी कोड बदलायला बसले. सासूबाई शेजारी बसून पाहत होत्या.

“ते वारं कशाला काढून टाकतेस?” त्या म्हणाल्या. “वारं आलं की अर्ध्या-पाऊण तासानं पाणी येतं. मी तेवढ्यात भांडी रिकामी करून ठेवायची.”

“पण आई, वारं येऊन पाणी आलंच नाही, असं कधी झालंय?”

“झालंय की. कॅलेंडरात बघ, जिथे नुसती फुली आहे ना, त्या दिवशी.”

त्या रात्री कोड त्यांच्या अनुभवाप्रमाणे लिहिला गेला. चक्र फिरलं पण हौदाची पातळी हलली नाही, तर ‘वारं’. चक्र फिरलं आणि हौद एक सेंटिमीटरनं वाढला, तर ‘पाणी’. आमचा हौद आतून दोन मीटर बाय दीड मीटर आहे. म्हणजे एक सेंटिमीटरला ३० लिटर. ‘वारं’ आलं की फक्त स्वयंपाकघरातला छोटा दिवा लागतो. झोपलेल्याला त्याचा त्रास नाही आणि जागं असलेल्याला भांडी रिकामी करायला वेळ मिळतो. विकत मिळणाऱ्या कुठल्याही यंत्रात ‘वारं’ नावाची अवस्था असणार नाही. ती माहिती सासूबाईंकडे होती, आणि सॉफ्टवेअर खुलं होतं म्हणून तिला आत जागा मिळाली. या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

पातळी मोजायला मोटारगाड्यांच्या मागे असतो तसला, पाण्याला दाद न देणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर घेतला. तो आवाज सोडतो, पाण्यावरून आलेला प्रतिध्वनी ऐकतो आणि गेलेल्या वेळावरून अंतर कळतं. वीसेक सेंटिमीटरच्या आतलं मात्र त्याला नीट मोजता येत नाही, म्हणून टाकीच्या झाकणावर रुंद पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवून त्याला वर उचलावं लागलं. झाकणाखाली वाफेचे थेंब धरतात आणि मधूनच भलताच आकडा येतो. त्यावर उपाय म्हणजे लागोपाठच्या काही मोजमापांतलं मधलं तेवढं घ्यायचं. ईएसपीहोम या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी दोन-तीन ओळी लिहिल्या की काम होतं.

हौदाचं मोजमाप पहिल्यापासून चोख होतं. गच्चीवरच्या काळ्या टाकीचा आलेख मात्र विचित्र दिसायचा. सकाळी टाकी भरली, वापर सुरू झाला, रेघ उतरू लागली. आणि दुपारी, मोटार बंद असताना, टाकीतलं पाणी हळूहळू वाढलेलं दिसायचं. संध्याकाळी पुन्हा कमी. एप्रिल-मेमध्ये हा फुगवटा मोठा, ढगाळ दिवशी जवळजवळ नाहीच. गच्चीवर जाऊन झाकणाला हात लावला तर चटका बसला, आणि बारावीला दर वर्षी करून घेते तो अनुनाद नळीचा प्रयोग आठवला. हवेतला ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटर. २० अंशांना तो ३४३ असतो. सोलापूरच्या उन्हात तापलेल्या टाकीत हवा ४५ अंशांवर गेली की सुमारे ३५८ होतो. प्रतिध्वनी लवकर परततो आणि सेन्सर समजतो की पाणी जवळ आहे. अर्ध्याहून जास्त रिकाम्या टाकीत ही तफावत चार सेंटिमीटरपर्यंत जाते. म्हणजे चाळीसेक लिटर नसलेलं पाणी. झाकणाखाली एक तापमापी सेन्सर अडकवला, सूत्रात तापमान घातलं आणि फुगवटा गेला. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आलेख छापून प्रयोगशाळेत लावले आहेत. पुस्तकातलं सूत्र आपल्या गच्चीवर दिसतं, तेव्हा मुलं ते विसरत नाहीत.

गच्चीपर्यंत वायफाय पोचत नव्हतं. स्लॅबमधल्या सळ्या ते अडवतात. कपाटात एक जुना राउटर होता, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं सॉफ्टवेअर टाकून जिन्याच्या वरच्या टोकाला लावला. ओपनडब्ल्यूआरटीचा जन्म एका लायसन्समुळे झाला. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरच्या आत लिनक्स आहे हे २००३ मध्ये उघड झालं. लिनक्सच्या जीपीएल लायसन्सप्रमाणे कोड जाहीर करणं भाग होतं, तो जाहीर झाला, आणि त्यातूनच २००४ पासून हा प्रकल्प वाढत गेला. एका लायसन्सच्या अटीमुळे जगभरातले कितीतरी राउटर भंगारात जायचे वाचले, त्यात आमचाही.

मोटारीच्या कामात मी हात घातला नाही. आमच्या वायरमनना बोलावलं. “मॅडम, एवढ्याशा रिलेवर मोटार नको, सुरू होताना फार ओढते, काँटॅक्ट चिकटतील,” असं म्हणून त्यांनी मध्ये काँटॅक्टर घातला. रिले फक्त त्याची कॉइल ओढतो, मोटारीचा भार काँटॅक्टर घेतो. जुना स्टार्टरही त्यांनी तसाच ठेवला, म्हणजे माझं यंत्र बिघडलं तरी हातानं मोटार लावता येते. ही त्यांची सूचना मी आता सगळ्यांना सांगते. मोटार किती वीज घेते तेही मोजलं जातं. पाणी उचलत असताना ती ८०० वॅटच्या वर असते, हौद संपून कोरडी फिरू लागली की ५५० च्या आसपास येते. तशी ती आली की काही सेकंदांत बंद होते. आणि गेलेली वीज परत आली की मोटार बंदच राहिली पाहिजे, आधीच्या अवस्थेत जाऊन आपोआप सुरू होता कामा नये. त्यासाठी कोडमध्ये एक छोटी ओळ असते. उन्हाळ्यात वीज दिवसातून अनेकदा जाते-येते, तेव्हा ती ओळ सगळ्यांत महत्त्वाची.

इशारा कसा द्यायचा, हा प्रश्न शेवटी राहिला. ईस्पीक हे खुलं सॉफ्टवेअर मराठी बोलतं, पण त्याचा आवाज यंत्राचा आहे. रात्री दोनला तो ऐकून सासूबाई दचकल्या. मग त्यांनाच मायक्रोफोनसमोर बसवलं आणि ऑडॅसिटीमध्ये त्यांचा आवाज घेतला : “पाणी आलंय, उठा.” मागचा पंख्याचा आवाज काढून टाकला. आता पाणी आलं की पॅसेजमधल्या स्पीकरमधून तो आवाज येतो, आणि उठायची पाळी माझ्या मुलाची असते. सासूबाईंची झोप मोडत नाही. स्वतःच्या आवाजानं त्या कधीच जाग्या होत नाहीत, असं त्या सांगतात. पाळीची नोंद मात्र अजूनही कालनिर्णयवर करतात, स्क्रीनवरची वेळ बघून. स्क्रीनवर ‘हौद’, ‘वरची टाकी’, ‘मोटार’, ‘वारं’ असे शब्द आहेत. मराठी नावं द्यायला होम असिस्टंटमध्ये काहीच अडचण आली नाही.

रस्त्याच्या खोदकामात आमच्या गल्लीची फायबर केबल तुटली होती तेव्हाही हे सगळं नेहमीसारखं चालू राहिलं. निरोप जिन्यावरच्या राउटरपासून पॅसेजमधल्या लॅपटॉपपर्यंतच जातात. घराबाहेर कुणाला विचारावं लागत नाही.

गल्लीतल्या दोघींनी आपल्याकडे असंच करून मागितलं. आमच्या कोडची फाइल पेनड्राइव्हवर दिली. एकीचा हौद अगदी उथळ आहे, तिथे वीस सेंटिमीटरची अडचण येते, म्हणून तिच्याकडे तळाशी दाबावर चालणारा सेन्सर लावून बघतो आहोत. दुसरीच्या नळाला वारं येतच नाही, तिची गल्ली उताराला आहे. तिनं ती अवस्था काढून टाकली आणि पाण्याचा दाब कमी झाला की कळवणारी एक नवीन जोडली. तिचा तो भाग मी आमच्या फाइलमध्येही घेतला आहे.