तानपुऱ्याच्या भोपळ्यावरचा डंख

खरड छाटणी उरकली, सबकेनची कामं चालू आहेत. त्याची नोंद दोन दिवसांत टाकतो. आज विषय जरा वेगळा आहे, पण शेवटी तोही वेलावरच्या फळाचाच आहे, म्हणून इथं लिहितोय.

आमची थोरली सहा वर्षं गाणं शिकते. मध्यमा पूर्ण झालीय, आता विशारदची तयारी. आजवर मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर भागलं. सांगलीच्या तिच्या बाई म्हणाल्या, आता खरा तानपुरा मांडीशी घेऊन बसल्याशिवाय सूर पक्का व्हायचा नाही. मग बेदाण्याचे पैसे आल्यावर ब्लोअरची दुरुस्ती एक हंगाम पुढं ढकलली आणि मिरजेला ऑर्डर दिली. बेचाळीस हजार रुपये. चार महिन्यांनी अक्षय्य तृतीयेला वाद्य घरी आलं. देताना कारागीर म्हणाले, "पंधरा दिवस वाजवून बघा. मनाला आलं नाही तर आणून द्या, दुसरा देतो."

दुकानात ट्यूबलाइटखाली पॉलिश आरशासारखं होतं. घरी सोप्यात सकाळचं ऊन आडवं आलं तेव्हा चार गोष्टी दिसल्या. भोपळ्याच्या मागल्या अंगाला, पॉलिशखाली, हरभऱ्याएवढा एक खळगा. गळ्यापाशी पॉलिशचा एक ओघळ सुकलेला. खरजाची खुंटी रात्रीतून थोडी सरकायची. आणि तबली जिथं भोपळ्यावर बसते त्या सांध्यात केसाएवढी रेघ, चार सेंटिमीटर.

घरचं माणूस म्हणालं, "बेचाळीस हजारांचा डाग घेऊन आलात व्हय? आपल्या बेदाण्यात दोन दाणे काळे निघाले तर सौद्याला दर पाडत्यात, आणि आपण मात्र गप बसायचं?"

बोलणं खोटं नव्हतं. माल विकताना आपल्याकडं नखाएवढ्या डागाचे पैसे कापले जातात, त्याचा राग मनात असतोच. पण तोच राग मिरजेच्या माणसावर काढायचा का, हा प्रश्न होता. बेदाण्याचा डाग खाणाऱ्याच्या डोळ्याला दिसतो, चवीला बहुतेक वेळा कळतही नाही. मग तानपुऱ्याचा डाग मी कशाला दिसतो यावर मोजायचा की कसा बोलतो यावर?

आमचे वडील बैलबाजारात भोवरा बघणाऱ्यांना हसायचे. कपाळावर भोवरा अमुक ठिकाणी आहे म्हणून लोक चांगला खोंड सोडून द्यायचे, आणि जुवाखाली बसणारा बैल देखणा म्हणून घरी आणायचे. भोवरा वेगळा आणि खोड वेगळी. मी ठरवलं, चारही गोष्टींत भोवरा कुठला आणि खोड कुठली ते आधी बघू.

आता भोपळ्याबद्दल थोडं, कारण इथल्या बऱ्याच जणांना हे माहीत नसेल. सतार-तानपुऱ्याचा भोपळा म्हणजे आपल्या दुधी भोपळ्याच्याच जातीचा, पण कडू, जाड सालीचा आणि अवाढव्य. मिरजेला तो येतो पंढरपूर-मंगळवेढा भागातून, भीमेच्या काठच्या शेतकऱ्यांकडून. वेल जमिनीवर पसरतो, फळ वेलावरच पूर्ण पिकू द्यायचं, मग कित्येक महिने वाळवायचं. साल लाकडासारखी कडक झाली की कारागीर तोंड कापतो, आतला गर आणि बिया खरवडून काढतो, आणि मग त्यावर तुणीच्या लाकडाचा गळा, दांडी आणि तबली बसवतो. एकोणिसाव्या शतकात तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांनी मिरजेत ही कला उभी केली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या बेदाण्याला आणि हळदीला आहे तसंच. पण त्या मानांकनामागं भीमाकाठच्या कुणाच्या तरी शेतातला वेल आहे, हे बोललं जात नाही. असो.

तर तो खळगा. भिंग घेऊन बघितलं तेव्हा ओळखीचा वाटला. काकडी-दोडक्यावर फळमाशी डंख मारते, तिथं डिंकासारखा थेंब येतो आणि फळ त्या जागी दबतं किंवा वाकडं होतं, हे तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. क्यू-ल्युअरचे सापळे आपण त्याच माशीसाठी लावतो. आत अळी वाढली असती तर ते फळ वेलावरच सडलं असतं, वाळून मिरजेपर्यंत पोचलंच नसतं. म्हणजे अळी जगली नाही, फळानं ती जागा भरून काढली आणि पुढं महिनोन्महिने वाढत राहिलं. नखानं टिचकी मारून बघितली, खळग्यावर आणि आजूबाजूला. आवाज सारखाच. साल पातळ झाली असती तर तिथं वेगळा बोलला असता. हा झाला भोवरा. पॉलिशचा ओघळही भोवराच.

खुंटी सरकते ही खोड, पण सुटणारी. खुंटी आणि भोक एकमेकांना घासून बसवायचं, खडू लावायचा, झालं. शिवाय नवी तार पहिला आठवडाभर ताणतेच, त्यामुळं पहिल्या दिवसांतल्या उतरण्याला हिशेबात धरायचं नाही. जवारीचंही तसंच. घोडीच्या पृष्ठभागाला जो अगदी बारीक उतार असतो, त्यावर तार घासत कंप पावते आणि तो गुंजणारा आवाज निघतो. तारेनं तिथं कालांतरानं चर पडतो, मग जवारी पुन्हा काढून घ्यावीच लागते, चांगल्यातल्या चांगल्या वाद्यालाही. नांगराचा फाळ शेवटून आणल्यासारखं. त्यासाठी कुणी नांगर परत करत नाही.

न सुटणारी खोड म्हणजे वाकडी दांडी. डोळा लावून बघितली, पाइपलाइनची ओळ बघतो तशी. सरळ होती. दुसरी म्हणजे तारांच्या दाबानं खाली बसणारी तबली. घोडीच्या दोन्ही बाजूंना पट्टी ठेवून बघितलं, फुगवटा जागच्या जागी होता.

राहिली सांध्यातली रेघ. खरी झोप तिनंच उडवली. ती नुसती पॉलिशची भेग असेल तर काहीच नाही. लाकूड आणि भोपळा दोन वेगळ्या वस्तू, हवा कोरडी-दमट झाली की दोघं वेगवेगळे आकसतात-फुगतात आणि वरचं पॉलिश तडकतं. पण सरस सुटत असेल तर पावसाळ्यात सांधा उघडेल आणि तबली बोलायची बंद होईल. वरून दोन्ही सारखंच दिसतं. शेततळ्याच्या भरावाला भेग पडली की आपण दोन्ही टोकांना खुंट्या मारून तारीख लिहितो, तसं मी पेन्सिलनं दोन्ही टोकांना खूण केली, तारीख टाकली, आणि तानपुरा काळी चारला लावून रोज दोन वेळा वाजवायला सांगितला. दोन दिवस मुद्दाम कूलरच्या खोलीत ठेवला. पोरगी चिडली, "आप्पा, तुम्ही याची ट्रायल प्लॉटवर नोंद ठेवताय काय?" म्हटलं, हो, तसंच समज.

बाराव्या दिवशी रेघ होती तेवढीच. खुणेच्या पुढं एक मिलिमीटर नाही.

तरी तेराव्या दिवशी मिरजेला गेलो. पोरगी, तिच्या बाई आणि मी. कारागिरांना चारही गोष्टी दाखवल्या. त्यांनी रेघेवर अंगठा दाबला, कान लावून तबलीवर टिचक्या मारल्या आणि म्हणाले, "पॉलिश फाटलंय भाऊ, सांधा नाही. पण मी म्हणतो म्हणून ठेवू नका." आणि आतून दुसरा तानपुरा आणून ठेवला. त्याच किमतीचा, भोपळा मडक्यासारखा गोल, कुठं खळगा नाही, ओघळ नाही. फोटोत दोघं शेजारी ठेवले तर कुणीही तोच उचलेल.

दोन्ही एकाच सुरात लावले. बाई पाठमोऱ्या बसल्या, पोरीनं आलटून पालटून छेडले. बाईंनी तीनदा आमच्याच तानपुऱ्याला हात वर केला. दुसऱ्याचा खरज लवकर विझतो म्हणाल्या, आणि दोन तारांच्या मध्ये पोकळी राहते. पोरीचंही तेच. मला विचाराल तर दोन्ही सारखेच वाटले. अठरा एमएमचा मणी मी नुसत्या नजरेनं सांगतो, पण खरज विझतो म्हणजे काय ते मला कळलं नाही. ज्यानं वाजवायचं त्याचा कान धरला.

कारागीर हजार-दोन हजार कमी करायला तयार होते. ते मी घेतले नाहीत. घरी त्यावरून दोन दिवस बोलणी खाल्ली, अजूनही अधूनमधून खातोय. माझं म्हणणं असं की, भोपळ्याच्या डंखाचे पैसे कापायचे तर ते शेवटी मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याच्या फळातूनच कापले जाणार, आणि पुढच्या वेळी त्याचा असा भोपळा कुणी उचलणारच नाही. त्याऐवजी पावतीवर लिहून घेतलं: वर्षाच्या आत सांधा उघडला तर फुकट दुरुस्ती, आणि पहिली जवारी फुकट. खुंटी त्यांनी तिथंच घासून बसवली. ओघळ तासून पॉलिश मारतो म्हणाले, पोरगी नको म्हणाली.

पेन्सिलच्या खुणा मी पुसलेल्या नाहीत. मृगानंतर महिनाभर बघणार, मग दिवाळीनंतर कोरडी हवा आली की पुन्हा. रेघ सरकली तर इथं लिहीन.

आता एक विचारायचं होतं. भीमाकाठचे कुणी हा वाद्याचा भोपळा करत असाल तर कृपया सांगा: बी घरचंच धरता की कुणाकडून घेता, दोन वेलांत अंतर किती, आणि फळाला सारखा गोल आकार यावा म्हणून खाली काय घालता? विहिरीजवळ दोन गुंठे मोकळे आहेत. द्राक्षाच्या फवारणीचा वारा तिकडं जात नाही, सापळेही घरात पडून आहेत. यंदा लावून बघावं म्हणतो.