मळाचा रंग आणि घरातला संकोच

भोजनाविषयी आपल्या घरांत मोकळेपणाने बोलले जाते. त्या भोजनाचे पुढे काय झाले, याविषयी मात्र सारे मौन पाळतात. सभ्यतेला हे मौन शोभत असेल, आरोग्याला ते परवडत नाही.

मळाला रंग येतो तो मुख्यतः पित्तामुळे. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्या मोडल्या म्हणजे एक पिवळे द्रव्य निघते. यकृत ते पित्तावाटे आतड्यात सोडते आणि तेथील सूक्ष्म जंतूंमुळे त्याचा रंग तपकिरी होतो. पालेभाजीने मळ हिरवट होतो, बीटाने तांबूस, लोहाच्या गोळ्यांनी काळा. एवढ्याने भिण्याचे कारण नाही. परंतु असे काही पोटात गेले नसता तो डांबरासारखा काळा व चिकट दिसला, तर जठरात रक्तस्राव होत असण्याचा संभव असतो. तांबडे रक्त दिसल्यास ‘मूळव्याधच असेल’ असा निर्णय घरच्या घरी करू नये.

सर्वांत फसवा रंग पांढुरका. कारण तो पाहून कोणी घाबरत नाही. १९१६ साली बांधलेल्या काचीगुडा स्थानकाच्या मागील वस्तीत एका मराठी घरी मी गेलो होतो. निघताना आजीबाई हळूच म्हणाल्या, “फादर, बाळाची शी चुन्यासारखी होते. पण असले डॉक्टरांना सांगायचे तरी कसे?” बाळ पाच आठवड्यांचे होते आणि त्याचे डोळे अजून पिवळे होते. मी म्हटले, “आजी, सांगू नका. लंगोटच बरोबर न्या, आणि आजच न्या.”

पित्ताचा मार्ग बंद असल्याचे तपासणीत निघाले. या विकारास बिलिअरी अट्रेशिया म्हणतात. जपानचे शल्यविशारद मोरिओ कासाई यांनी १९५९ साली त्यावरील शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. ती साधारणतः पहिल्या दोन महिन्यांत झाल्यास यशाची आशा अधिक. उशीर होईल तसतसे यकृत निबर होत जाते. म्हणूनच तैवानमध्ये २००४ पासून प्रत्येक नवजात बालकाच्या आरोग्यपुस्तिकेत मळाच्या रंगांचे चित्रपत्रक देण्यात येऊ लागले. आईने लंगोट पाहावा, पत्रकाशी ताडून पाहावा, एवढेच काम.

आमच्या बाळाची शस्त्रक्रिया सातव्या आठवड्यात झाली. पुढची काळजी अद्याप सरलेली नाही. परंतु त्याची शी प्रथम पिवळी झाली, तो दिवस त्या घरात सणासारखा गेला.

नवजात बालकाची कावीळ बहुधा आपोआप उतरते, हे खरे. ती दोन आठवड्यांनंतरही राहिली, किंवा शी पांढुरकी दिसली, तर मात्र कोवळ्या उन्हाच्या भरवशावर राहू नये. वाचक मातांनो, लंगोट धुण्यापूर्वी एकवार उजेडात पाहत जा. आणि जे दिसेल ते डॉक्टरांस निःसंकोच सांगा.