श्वासातल्या ऑक्सिजनची वाट

सांगली

चि. सोनू,


यवतेश्वरचा घाट धावत चढताना तुला पडलेला प्रश्न वाचून फार आनंद झाला. आत घेतलेल्या ऑक्सिजनला शरीरातला कार्बन चिकटतो आणि त्याचाच कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो, असं तू लिहिलंयस. बहुतेकांचा हाच समज असतो, पण तो खरा नाही.

श्वासातल्या ऑक्सिजनचं पाणी होतं. रक्तातून तो पेशीतल्या तंतुकणिकेत पोचतो. भाकरीतून मिळालेल्या ग्लुकोजचे इलेक्ट्रॉन तिथे एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात शेवटी सायटोक्रोम ऑक्सिडेजपाशी येतात. तिथे ऑक्सिजनचा एक रेणू चार इलेक्ट्रॉन आणि चार हायड्रोजन आयन घेतो, आणि पाण्याचे दोन रेणू तयार होतात. इलेक्ट्रॉन घ्यायला ऑक्सिजनच नसेल, तर मागची सगळी रांग तुंबते. गुदमरून जीव जातो तो यामुळे. कार्बन डायऑक्साइड त्याआधीच, मुख्यतः क्रेब चक्रात, सुटलेला असतो. त्यातला ऑक्सिजन अन्नातून आणि पाण्यातून आलेला. नवं झालेलं पाणीही पुढे त्या चक्रात जाऊ शकतं, पण श्वासातला अणू आधी पाण्यातच जातो.

असं रोज साधारण पाव लिटर पाणी अंगात तयार होतं. दुष्काळी माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, तेव्हा तिच्या स्नायूंतही हेच चाललं होतं.

इकडे कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात हळद साठवायची जमिनीखालची पेवं आहेत. २००५च्या महापुरात त्यांतली बरीच गेली. पेवाचं तोंड बंद केलं की आतली कीड आणि सूक्ष्मजीव उरलेला ऑक्सिजन संपवतात, मग कीडही मरते आणि हळद टिकते. पेव उघडल्यावर लगेच कुणी उतरत नाही. आधी दोरीला बांधून कंदील सोडतात. तो विझला तर थांबायचं. त्या जिवांनी वापरलेल्या ऑक्सिजनचंही पाणीच झालेलं असतं.

तेव्हा श्वसनाचं समीकरण लिहिताना पाणी दोन्हीकडे लिही: डावीकडे ६ रेणू, उजवीकडे १२. पुस्तकात दोन्हीकडचे सहा वजा केलेले असतात, आणि तिथेच ही वाट दिसेनाशी होते. ऑक्सिजनच्या ६ रेणूंत १२ अणू. पाण्याचे रेणूही १२.

तुझी,
आत्या