फुलपात्रातला सातू

पुतण्या बंगळुरूला असतो. मागच्या हिवाळ्यात त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याने लहानशा ग्लासात गडद तांबूस बिअर पुढे केली. "काका, ही बार्ली वाइन." नावात वाइन, पण द्राक्षाचा थेंब नाही. सातूला मोड आणून, वाळवून केलेली बिअरच ती; फक्त वाइनसारखी कडक, साधारण 8 ते 12 टक्के, म्हणून ते नाव. पहिल्या घोटाला काकवी, मग खजूर, आणि घसा गरम होता होता भाजक्या धान्याचा वास. हा वास ओळखीचा होता. कुठला, ते काही आठवेना.

एप्रिलमध्ये काशीला मावशीकडे गेलो तेव्हा आठवलं.

मावशीचं घर दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीत. हा घाट आणि शेजारचा ब्रह्माघाट अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकरांनी बांधवले. त्यांच्यामागोमाग इथे मराठी घरं वसली. आता मोजकीच उरलीत. मेष संक्रांतीला, म्हणजे 14 एप्रिलच्या आसपास, बनारसमध्ये सतुआन असते. त्या दिवशी सत्तू दान करायचं आणि गूळ, कैरीची चटणी यांच्याबरोबर खायचं. मी म्हटलं, कोपऱ्यावरून पाकीट आणतो.

"ते चण्याचं असतं रे. आपल्याला सातू पाहिजे."

मराठीत सातू म्हणजे जव, हिंदीत सत्तू म्हणजे भाजक्या धान्याचं पीठ, मग धान्य कुठलंही असो. आणि आम्ही पुण्याकडे ज्याला सातूचं पीठ म्हणतो, त्यात बहुतेकदा गहू आणि डाळं. सातू औषधालाही नसतो! साठ वर्षांत हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

मावशीने सातू आदल्या दिवशीच ओला करून, सडून, पाखडून ठेवला होता. सातूचं तूस चिवट. राहिलं तर घशात टोचतं. मग कढईत मंद आचेवर भाजणं. दाणा तडतडायला लागला आणि स्वयंपाकघरात तोच वास पसरला, बंगळुरूच्या ग्लासातला. मी तिला सांगितलं नाही. दारूचं नाव तिच्या ओट्याजवळ काढायची माझी छाती नाही.

संक्रांतीला गंगेवरून अंघोळ करून त्या उभ्या पायऱ्या चढून आलो, धाप लागली होती. पितळी फुलपात्रात तिने सातू दिला. रंग ओल्या वाळूचा, वर रवीने घुसळल्याचा पातळ फेस. आधी गूळ लागतो, मग खरपूसपणा, आणि गिळल्यावर जिभेच्या मागे किंचित कडवट खडबडीतपणा राहतो. बार्ली वाइनमध्ये हॉप्सचा कडवटपणा गोडाला आवरत होता. इथे ते काम करपलेल्या दोन-चार दाण्यांनी केलं. तळाशी बसलेला रबडीसारखा थर बोटाने चाटून घ्यावा लागला. बिअरचा ग्लास मी अर्धा ठेवला होता, तिची गोडी तोंडाला चिकटली होती. हे फुलपात्र दोनदा भरून घेतलं.

एक चूक मात्र मी केली. तिसऱ्यांदा स्वतः कालवायला गेलो आणि पिठावरच पाणी ओतलं. तुम्ही करून बघणार असाल तर गूळ आधी पाण्यात विरघळवा, पीठ मागाहून थोडं थोडं घाला. नाहीतर गुठळ्या मोडत बसाल.