बोरघाट ते केसलबर्ग

आमच्या घरी गाडी येण्याच्या कितीतरी आधी गाडीचा नंबर आला होता. बाबांनी पैसे भरून नाव नोंदवलं, पावती आईने देवघराच्या खणात ठेवली आणि सगळं घर वाट बघायला लागलं. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. देशात मोटारी बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तेव्हा तीनच होत्या. बंगालात हिंदुस्तान मोटर्स, मद्रासला स्टँडर्ड आणि आपल्या कुर्ल्याला प्रीमियर, म्हणजे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये उभी केलेली कंपनी. किती गाड्या काढायच्या ते परवान्यावर ठरायचं आणि गिऱ्हाइकं त्याहून फार जास्त. स्कूटर, फोन, गॅस, सगळ्यालाच नंबर लावायचा, तसा गाडीलाही. कुणी विचारलं की रंग कुठला घेणार, तर बाबा म्हणायचे, "देतील तो."

आली ती प्रीमियर पद्मिनी. १९७४ पासून गाडीचं हे नाव होतं, पण पुण्यात आमच्या ओळखीपाळखीत सगळे तिला फियाटच म्हणायचे. तिच्या आधीच्या गोलमटोल मॉडेलला तर लोकांनी 'डुक्कर फियाट' करून टाकलं होतं. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसच्या आसपास अश्वशक्ती, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली आणि पुढची सीट सलग. आईबाबांच्या मधली जागा माझी. गाडी घरी आली त्या दिवशी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं, नारळ आणि वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाला पेढे. शेजारच्या आजींना पहिली फेरी. त्या सारसबागेपर्यंत जाऊन आल्या आणि परत आल्यावर त्यांनी गाडीवरून मीठमोहऱ्या ओवाळल्या.

आता मी म्युनिकला राहतो आणि माझ्याकडे बीएमडब्ल्यू आय-८ आहे. पेट्रोलवरही चालणारी आणि भिंतीतल्या विजेवर चार्ज होणारी, अशी दोन्हींवरची स्पोर्ट्स कार. २०१४ मध्ये ती जर्मनीत बाजारात आली तेव्हा किंमत १ लाख २६ हजार युरो होती. पुढच्या वर्षी मुंबईत सचिन तेंडुलकरच्या हस्ते तिचं अनावरण झालं, २ कोटी २९ लाखांना. नवी घेणं मला शक्यच नव्हतं. मी घेतली ती काही वर्षं वापरलेली. ती निवडायला बाबांसारखी वर्षं थांबावं लागलं नाही. रंग, चाललेले किलोमीटर, आधीचे मालक किती, सर्व्हिसच्या नोंदी, सगळं एका संध्याकाळी पडद्यावर समोर आलं. व्यवहार उरकला, नोंदणी कार्यालयाशेजारच्या दुकानात नंबरप्लेट ठोकून घेतली. विजेवरही धावणाऱ्या गाडीला शेवटी 'ई' अक्षर मिळतं, ते माझ्याही पाटीवर आलं. आईने फोनवरून आठवण केली म्हणून चाकाखाली लिंबू ठेवलं. इमारतीत पेढे द्यावेत असं कुणी ओळखीचं नव्हतं. ही खंत मला खरोखरच वाटली, कारण गाडी घेण्याच्या आनंदातला मोठा भाग तेव्हा दुसऱ्यांच्या दारात जाऊन पुरा व्हायचा.

यंत्र म्हणून मात्र ही गाडी बघताना आजही माझं मन भरत नाही. सीटच्या मागे दीड लिटरचं, तीनच सिलिंडरचं टर्बो इंजिन आहे आणि ते मागची चाकं फिरवतं. विजेची मोटर पुढे, ती पुढच्या चाकांना जोडलेली. मधल्या बोगद्यात बॅटरी. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये एकही दांडा नाही, कसलीही यांत्रिक जोडणी नाही. चार चाकांनी एकत्र ओढायचं की दोघांनीच, हे संगणक क्षणाक्षणाला ठरवतो. आमच्या फियाटपेक्षा इंजिन जेमतेम चारशे सीसीने मोठं, पण ताकद २३१ अश्वशक्ती, आणि मोटरची १३१ वेगळी. थांबलेल्या गाडीला शंभराचा वेग गाठायला ४.४ सेकंद लागतात. बसायची जागा पोलादाची नसून कार्बन फायबरची आहे. ते तंतू अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या मोझेस लेकला जलविद्युतवर बनायचे आणि गाडी लाइपझिगला जुळायची. हे सगळं करून वजन दीड टनाच्या आत राखलं आहे. ज्यांनी बॅटरीच्या गाड्यांची वजनं पाहिली आहेत त्यांना यातली कमाल लगेच कळेल.

सकाळची सुरुवात तेव्हा बॉनेट उघडून व्हायची. रेडिएटरमध्ये पाणी, पट्टी बाहेर काढून ऑइल, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर. मग चोक ओढायचा, सेल्फ मारायचा आणि इंजिन धरलं की चोक हळूहळू आत सोडायचा. ते किती हळू, हे बाबांच्या बोटांना ठाऊक होतं, पुस्तकात कुठे लिहिलेलं नव्हतं. पॉइंट, कंडेन्सर, प्लग, फॅनबेल्ट, टॅपेट हे शब्द मला पाढ्यांच्या बरोबरीने पाठ होते. गॅरेजचे मिस्त्री गाडी फाटकातून आत येतानाच सांगायचे की टॅपेट वाजतायत. बाबांना ते त्याच्याही आदल्या दिवशी कळलेलं असायचं.

आता सकाळी फक्त एक बटण दाबायचं. गाडी चालू झाल्याचं पडद्यावर दिसतं, कानाला काही कळत नाही. काम असतं ते रात्री. गाडी लावली की पुढच्या चाकावरचं झाकण उघडायचं, केबल खोचायची आणि निळा दिवा लागलेला बघून वर जायचं. बॅटरी ७.१ किलोवॉट-अवरची. भिंतीवरच्या चार्जरवर दोनेक तासांत काम होतं. कागदावर तेवढ्यात ३७ किलोमीटर मिळतात, प्रत्यक्षात मला पंचविसाच्या आसपास आणि थंडीत त्याहून कमी. माझं ऑफिस या अंतरात बसतं, म्हणून आठवडाभर पेट्रोलचा थेंब जळत नाही. तळघरातल्या पार्किंगमध्ये हा चार्जर बसवायला इमारतीच्या सभेत मंजुरी घ्यावी लागली. डिसेंबर २०२० पासून जर्मनीत रहिवाशाला असा चार्जर बसवण्याचा हक्क कायद्याने मिळाला आहे, नाहीतर ही गाडी घेण्याचा विचारही मी केला नसता.

पेट्रोल भरायला गेलं तर तिथेही रीत वेगळी. दारातलं बटण दाबून काही क्षण थांबावं लागतं. इंजिन अनेक दिवस बंद राहू शकतं, तेव्हा वाफ बाहेर सुटू नये म्हणून टाकी दाबाखाली बंद असते. तो दाब उतरला की मगच झाकण उघडतं. लहानपणी पंपावर आम्ही काच खाली करून पेट्रोलचा वास घ्यायचो आणि बाबा खाली उतरून 'झिरो' बघायचे. तो वास आवडायचा हे खरं. पण त्याच वासाने घाटात धाकट्या बहिणीला हमखास उलटी व्हायची, हेही तितकंच खरं. जुन्या दिवसांची आठवण काढताना हा दुसरा भाग गाळू नये असं मला वाटतं.

आणि घाट! मुंबई-पुणे प्रवास म्हणजे आमच्यासाठी बोरघाट. द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला २००२ मध्ये. त्याआधी खोपोलीला थांबून चहा व्हायचा, गाडीलाही विसावा मिळायचा आणि मग चढण. उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांगच दिसायची. कुणाच्या रेडिएटरमधून वाफेचा झोत, कुणी ओलं फडकं घेऊन झाकणाजवळ उभा. अनोळखी लोक एकमेकांना पाण्याचे डबे द्यायचे. शिंग्रोबाच्या देवळापाशी आई खिडकीतून नाणं टाकायची. हा घाट ज्याने इंग्रजांना दाखवला, त्या धनगराचं ते देऊळ आहे अशी कथा बाबा दर वेळी सांगायचे आणि आम्ही दर वेळी ती नव्याने ऐकायचो. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत असायची आणि कथा संपेपर्यंत खंडाळा यायचा.

म्युनिकपासून तासाभरावर केसलबर्ग नावाचा घाट आहे, कोखेलझे आणि वाल्खेनझे या दोन तळ्यांच्या मध्ये. वळणं इतकी मोहात पाडणारी, की शनिवार-रविवारी मोटारसायकलवाल्यांना तो चढायला बंदी आहे. त्या चढणीवर स्पोर्ट मोड लावला की मागचं इंजिन जागं होतं, पुढची मोटर वळणातून नाक बाहेर ओढून काढते आणि गाडी जमिनीला चिकटून वर सरकते. उतरताना तर मला अजून नवल वाटतं. बोरघाट उतरताना ब्रेकचा जळका वास यायचा, म्हणजे चढताना खाल्लेलं सगळं पेट्रोल उष्णता होऊन वाऱ्यावर जायचं. इथे उतारावर मोटरच गाडीला आवरते आणि आवरता आवरता बॅटरी भरते. खाली पोचेपर्यंत काही किलोमीटरचा प्रवास परत खात्यावर जमा झालेला असतो.

बाबा इथे आले तेव्हा त्यांना याच घाटात नेलं. वर उघडणारी दारं त्यांनी कौतुकाने पाहिली. उंबरा रुंद आणि सीट अगदी खाली, तरी हात धरून बसले. निघण्याआधी म्हणाले, "बॉनेट उघड." मी सांगितलं की या गाडीचं बॉनेट मालकाने उघडायचं नसतं, ते वर्कशॉपचं काम. ते काही बोलले नाहीत. चढणीवर इंजिनचा घोष सुरू झाला तेव्हा डोळे मिटून ऐकत होते. मग विचारलं, "तीनच सिलिंडर ना? मग आवाज एवढा भरदार कसा?" मी खरं ते सांगितलं, की त्यातला काही भाग स्पीकरमधून येतो, अभियंत्यांनी तो जुळवलेला आहे. बाबा थोडा वेळ बाहेर तळ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "मग गाडीला काही होत असेल तर तुला कळणार कसं?"

या प्रश्नावर मी बराच विचार केला आहे. गाडीला काय होतंय ते आज गाडीच सांगते, पडद्यावर, अक्षरांत, आणि बहुधा बिघाड होण्याआधी. फियाटच्या जमान्यातल्या कुठल्याही कानापेक्षा तिचे सेन्सर अधिक तिखट आहेत. पण ते ज्ञान माझ्यापाशी येत नाही, ते वर्कशॉपच्या संगणकात जातं. बाबांच्या पिढीच्या मालकाला आपल्या गाडीबद्दल जे माहीत असायचं, ते मला नाही. हा तोटा खरा आहे. गाडी निर्धोक झाली, वेगवान झाली, धूर कमी झाला, म्हणून तो भरून निघत नाही. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी मान्य कराव्या लागतात.

तरी एक गोष्ट या गाडीने मला परत दिली असं मी मानतो, ती म्हणजे रोजची निगा. साध्या पेट्रोल गाडीत बसायचं आणि निघायचं, एवढंच उरलं होतं. या गाडीत मात्र उद्या किती जायचं, वीज किती हवी, घाटासाठी थोडी राखायची का, हे मी रोज रात्री बघतो. बाबांचं पाणी-ऑइल तसं माझं हे. आणि निगा न राखली तर या गाडीचा सगळा अर्थच जातो. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरचे आकडे जाहीर केले, तेव्हा दिसलं की अशा प्लग-इन हायब्रिड गाड्यांचं कार्बन उत्सर्जन कागदावरच्या आकड्याच्या सरासरी साडेतीनपट आहे. मुख्य कारण साधंच आहे, लोक केबल लावत नाहीत. सरकारी सवलतीसाठी किंवा कंपनीच्या कराच्या हिशेबासाठी गाडी घ्यायची आणि केबल डिकीत पडून. जर्मनीने २०२२ च्या अखेरीस या गाड्यांच्या खरेदीवरचं अनुदान थांबवलं, ते योग्यच केलं.

काळाची गंमत बघा. २०११ मध्ये 'मिशन: इम्पॉसिबल - घोस्ट प्रोटोकॉल' या सिनेमात टॉम क्रूझने मुंबईच्या रस्त्यांवर जी गाडी पळवली, ती याच आय-८ ची पूर्वज संकल्पना होती. भविष्यातली गाडी म्हणून ती दाखवली होती, आणि मुंबईच्या रस्त्यांवर तेव्हाही काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी धावत होत्या. त्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. पण आय-८ चं उत्पादन तर त्याही आधी थांबलं, जून २०२० मध्ये, वीस हजारांहून थोड्या जास्त गाड्या निघाल्यावर. भविष्य म्हणून घेतलेली गाडी माझ्या दारात असतानाच जुनी झाली. पुढच्या स्पोर्ट्स गाड्या बहुतेक नुसत्या विजेच्या असतील. पेट्रोलचं इंजिन आणि भिंतीतली वीज एकाच गाडीत नांदली तो काळ थोडाच असणार आहे, आणि तो मला अनुभवायला मिळाला याचा मला मनापासून आनंद आहे.

वापरलेली अशी गाडी घ्यायचं कुणाच्या मनात असेल, त्यांना अनुभवाचं सांगतो. उच्च दाबाच्या बॅटरीची मूळ हमी आठ वर्षांची किंवा एक लाख किलोमीटरची होती, म्हणजे पहिल्या वर्षीच्या गाड्यांची २०२२ मध्येच संपली. तेव्हा घेण्याआधी बॅटरीची उरलेली क्षमता मोजून घ्या. टायर वीस इंची आणि पुढचे चक्क १९५ रुंदीचे, कुठल्याही दुकानात मिळत नाहीत, त्यांची चौकशी आधी करा. केबल गाडीबरोबर मिळते आहे ना ते बघा. घरात वयस्कर माणसं असतील तर त्यांना एकदा बसवून बघा. आणि गाडी लावता तिथे प्लगची सोय नसेल, किंवा रोज रात्री केबल लावायची तयारी नसेल, तर ही गाडी घेऊ नका.